भाजी नसलेला रविवार

शनिवार आला की मला अजूनही पहाटेच जाग येते. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी शुक्रवार संध्याकाळपासून कान फोनकडे लागलेले असतात. मग आठवतं, की बस कुठे अडकली, पाहुण्यांना कोरा चहा हवा की दुधाचा, वरच्या वाडीची पायवाट दरडीने बुजली का, हे सगळं बघायला आता दुसरं कोणीतरी आहे. मी कूस बदलते आणि पुन्हा झोपते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी राबलेल्या माणसालाच या झोपेची किंमत कळेल.

माझं काम काय होतं, हे मला घरच्यांनाही धड सांगता आलं नाही. दहिवलीतल्या आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, ‘शीला टुरिस्ट लोकांना डोंगरावर फिरवते.’ मी जिथे नोकरी करायचे त्या संस्थेच्या कागदावर माझं पद ‘निसर्ग पर्यटन संघटक’ असं भारदस्त होतं. खरं काम असं, की कर्जत-खालापूरच्या डोंगराकडेच्या वाड्यांमधल्या लोकांना पटवायचं, ‘तुमच्याकडे मुंबई-ठाण्याची मोजकी माणसं पायी येतील, रान बघतील, तुमच्या हातचं जेवतील, पैसे देतील आणि अंधार पडायच्या आत जातील.’ आणि शहरातल्या लोकांना पटवायचं, ‘इथे तरणतलाव नाही, स्पीकर नाही, बाटली नाही, तरी या.’ दोन्ही बाजूंना माझं म्हणणं सारखंच वेडगळ वाटायचं.

वाडीतल्यांचा संशय समजण्यासारखा होता. पाहुणे म्हणजे काय, हे त्यांनी पळसदरीच्या धरणावर बघितलेलंच होतं. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागायची, लोक पाण्यात उतरायचे, ओरडायचे, बाटल्या फोडायचे, आणि सोमवारी बायका लावणीला चिखलात उतरल्या की पायात काच घुसायची. दरवर्षी कोणीतरी बुडायचं. मग बंदीचा हुकूम निघायचा, पोलीस उभे राहायचे, आणि ज्या बाईने नुकती कुठे कणसं-भजीची टपरी टाकली होती, तिचं दुकान बसायचं. अशा लोकांना मी म्हणायचे, पर्यटन चांगलं असतं. ते हसायचे नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

बरं, एकदा पटलं की त्यांचा उत्साह आवरणं ही वेगळी कटकट. पहिल्या वर्षी एका वाडीत मी आदल्या दिवशी तयारी बघायला गेले, तर चुलीपाशी पनीर, सॉसची बाटली आणि ब्रेडच्या लाद्या! घरच्या बाईंनी कर्जतच्या बाजारातून आणून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, ‘अहो, नाचणीची भाकरी ठरली होती ना?’ बाई लाजेने लाल. ‘ताई, येवड्या लांबून येनार आन त्यांना नाचनी घालू? लोकं काय म्हनतील आमाला!’ दुसऱ्या वाडीत पाहुणे येणार म्हणून पोरांनी पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं रान कोयत्याने साफ कापून काढलं आणि दगडांना चुना फासला. आमदार आले होते तेव्हा तसंच केलं होतं म्हणे. त्या दिवशी आलेली मंडळी रानफुलं बघायला आली होती. त्यांनी चुना बघितला.

पाहुण्यांच्याही एकेक तऱ्हा. एका गृहस्थांनी सकाळी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, ‘ते ओरडणारे बेडूक तुम्ही पाळलेले आहेत का? असतील तर आम्ही जाईपर्यंत दुसरीकडे ठेवता येतील का?’ मी म्हटलं, ‘बघते.’ या कामात ‘बघते’ हा शब्द मी जेवढा वापरला, तेवढा दुसरा कुठलाच वापरला नसेल.

पण आज मला सांगायचंय ते वरच्या वाडीच्या त्या रविवारबद्दल.

वरची वाडी म्हणजे पळसदरीच्या वर, डोंगराच्या पोटाशी असलेली ठाकर आदिवासींची छोटी वस्ती. तिचं खरं नाव इथे सांगत नाही. वाडीच्या तोंडाशी एक मोठा उतरता माळ आहे. त्या माळावरून झऱ्याची वाट जाते, गुरं तिथेच चरतात, आणि पावसाळ्यात टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या तिथे आपोआप उगवतात. माळ ठमाबायच्या आणि तिचा धाकटा दीर कमळू याच्या नावावर. ठमाबाय विधवा, साठीची, आवाज खणखणीत. कमळू चाळिशीचा, डोकं तरतरीत, खालच्या फार्महाऊसांवर वायरमनचं काम करणारा.

खालापूरच्या बाजूला फार्महाऊस बांधून विकणाऱ्या एका शेठचा त्या माळावर डोळा होता. आदिवासींची जमीन बाहेरच्याला सहजासहजी विकत घेता येत नाही. म्हणून तो म्हणत होता, लांबच्या मुदतीने भाड्याने द्या, मी रिसॉर्ट काढतो, कमळूला तिथेच कायमची नोकरी देतो. कमळूला ते पटलं होतं. रोज उठून दुसऱ्याच्या बंगल्यात वायरी ओढण्यापेक्षा आपल्याच माळावर नोकरी काय वाईट, असं त्याचं म्हणणं. मला त्यात फार खोट काढता येत नव्हती, आणि तेच मला खुपायचं. ठमाबाय मात्र म्हणायची, त्याने भिंत घातली की झरा पलीकडे राहील.

उन्हाळ्यात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी ठमाबायनेच शब्द दिला. ‘ह्यो पावसाळा बगू. शीलाबाय म्हनते तसं पावनं आलं, वाडीला काम मिळालं, तं माळ द्यायचा नाय. नाय आलं तं मी पन आंगठा उठवते.’ म्हणजे माळाचं काय होणार, ते माझ्या धंद्यावर ठरणार होतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

मग मी जिवाचं रान केलं. ठाण्याच्या एका निसर्गमंडळाला गाठलं. मंडळ चालवणारी मेघना चुणचुणीत मुलगी होती. तिला कल्पना एकदम आवडली: रानात जाऊन भाज्या ओळखायच्या, वाडीच्या बायकांबरोबर खुडायच्या, चुलीवर शिजवायच्या आणि खायच्या. ‘ताई, ही सहल जमली तर पावसाळ्यातला प्रत्येक रविवार आमचा,’ ती म्हणाली. पाऊस चांगला लागला होता, माळ हिरवागार झाला होता, रविवार ठरला, दोन मिनीबस भरल्या. मी कमळूला ऐकवलं, ‘बघ आता.’ तो नुसता हसला.

शनिवारी दुपारी तयारी बघायला मी वर गेले. माळावर गुडघाभर भाजी होती आणि वाडीत एकाही घरात पानसुद्धा नव्हतं. बायका ओट्यावर शांत बसल्या होत्या. ठमाबाय भिंतीला टेकून बसली होती.

‘अगं ठमाबाय, भाजी कुठाय? उद्या लोक येतायत.’

‘येऊ द्या की. येसूकाकी गेली आमची, बुधवारी. सुतक हाय.’

मी तिच्याजवळ बसले. येसूकाकी म्हणजे तिच्या सासऱ्याच्या भावाची बायको. आईमागे कमळूला तिनेच वाढवलं होतं. दोन शब्द बोलले, मग हळूच विचारलं, ‘मग भाजी?’

तेव्हा मला ती रीत पहिल्यांदा नीट कळली. पावसाळ्यात रानात नवी भाजी उगवली की वाडीत ती कोणी लगेच तोडत नाही. आधी एक दिवस ठरवून ती देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना दाखवायची, मग खायची; याला ते ‘नवं’ म्हणतात. तोवर तोडायची नाही, शिजवायची नाही. पहिला मान ठमाबायच्या घराचा, आणि त्याच घरात आता सुतक. त्यामुळे येसूकाकीचे दिवस होईपर्यंत अख्खी वाडी थांबलेली.

‘मला कळवायचं तरी!’ मी जवळजवळ ओरडलेच.

ठमाबायला खरोखरच आश्चर्य वाटलं. ‘मयत झालं तं भाजी थांबते. ह्ये काय सांगाया पायजे का? आन पावन्यांना या म्हनलंय, त्यांना कसं परत फिरवायचं? पल्याडच्या घरांना सुतक नाय, ती भाकऱ्या करतील, वाल करतील. भाजी नाय, येवडंच.’

‘अगं बाई, ते भाजीसाठीच येतायत!’

‘मंग काय झालं? एकांद्या दिवशी नसती भाजी.’

मला हसावं की रडावं कळेना. कर्जतच्या बाजारात दुसऱ्या वाड्यांच्या बायका त्याच भाज्यांचे वाटे लावून बसल्या होत्या, त्यांचं नवं होऊन गेलं होतं. मी म्हटलं, तिथून आणू. ठमाबाय म्हणाली, आमच्या चुलीवर नाय शिजायची. मग माझा पारा चढला. मी बौद्धाच्या घरातली. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, आणि आम्हा पोरींना शिकवलं की कोणी न बघितलेल्या गोष्टीला भ्यायचं नाही. ते सगळं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर आलं. ‘तुझ्या माळाचा प्रश्न आहे, आणि तू देवाला भाजी दाखवायचं काय घेऊन बसलीस? आमच्या घरी देव सोडले, काही बिघडलं का?’

ठमाबायने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुज्या आज्यानं देव सोडलं, ते पावन्यांच्या ताटासाटी सोडलं व्हतं का गं?’

आजोबांनी देव सोडले ते माणूस म्हणून ताठ उभं राहता यावं म्हणून. ते त्यांनी स्वतःसाठी केलं होतं, कोणाच्या सोयीसाठी नव्हे. हे ठमाबायला मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिला ते सांगायची गरजही नव्हती. मी उठले, पायवाट उतरले आणि घरी येऊन मेघनाला फोन केला. ती म्हणाली, ‘ताई, बस भरून झाल्यात. आता मी लोकांना काय सांगू?’ मी म्हटलं, खरं तेच सांग.

रविवारी मंडळी आली. रेनकोट, कॅमेरे, भाजी घ्यायला कापडी पिशव्यासुद्धा. माळाच्या कडेला सगळ्यांना थांबवून मी काय झालंय ते सांगितलं: घरात मयत झालंय, वाडी थांबली आहे, भाज्या बघा, नावं विचारा, पण तोडू नका, आणि आज ताटात त्या नसतील. टोपी घातलेले एक काका लगेच म्हणाले, ‘म्हणजे आंब्याच्या बागेत नेऊन आंबा द्यायचा नाही, असं झालं.’ लोक हसले. मला त्यांचा राग आला नाही, कारण बोलणं अगदी बरोबर होतं.

तरी फेरी बरी झाली. बायकांनी हात न लावता भाज्या दाखवल्या, काठीच्या टोकाने पानं उलटी करून दाखवली. लहान मुलं वाकून वास घेत होती. आम्ही वाडीत परत आलो तर कमळू उभा. काकीसाठी डोक्यावरचे केस उतरवलेले, अंगात स्वच्छ शर्ट. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ज्यांना भाजी खायाची हाय त्यांच्यासाठी खाली शेठच्या फार्महाऊसवर सोय हाय. कर्जतवरून सगळ्या भाज्या आनल्यात. गाडी रस्त्यावर उभी हाय.’

ठमाबायने दिराकडे बघितलं आणि ती आत गेली.

मेघना माझ्याकडे आली. तिचे डोळे भरून आले होते. ‘सॉरी ताई, लोकांनी भाजीसाठी पैसे भरलेत. मला जायला पाहिजे.’ तिचं चूक नव्हतं. निम्म्याहून जास्त मंडळी तिच्यामागून उतरली. टोपीवाले काका सगळ्यांत पुढे. मागे उरलेल्यांची पंगत ओसरीवर बसली. पल्याडच्या घरांतून आलेली तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांदा आणि मिरचीचा ठेचा. ते चवीने जेवत होते, बायका आग्रह करत होत्या, आणि मी दाराच्या चौकटीला धरून खालच्या वाटेकडे बघत होते. मनात एकच हिशेब: शेठने एका दुपारी दाखवून दिलं की पाहुणे त्याच्याकडे जातात. आता पावसाळा संपायचीही वाट बघायची गरज नाही. ठमाबाय शब्दाची पक्की, ती अंगठा उठवणार.

जेवलेली मंडळी उठून अंगणात फोटो काढत होती, तेव्हा कमळू वर आला. गाडीने नाही, पायी, चढ एका दमात चढून आल्यासारखा. शर्ट घामाने आणि पावसाने अंगाला चिकटला होता. ओसरीवर न चढता तो अंगणातच उभा राहिला.

‘वहिनी,’ त्याने हाक मारली. ठमाबाय बाहेर आली.

‘शेठला सांगून आलो. माळ नाय द्यायचा.’

मग त्याने घडलेलं सगळं सांगितलं. फार्महाऊसवर टेबलं मांडली होती, सगळ्या भाज्या भांड्यांत वाढायला ठेवल्या होत्या. शेठने कमळूला पाहुण्यांच्या मधोमध बसवलं आणि ताट हातात दिलं, म्हणाला, वाडीचा माणूस जेवताना फोटो येऊ दे.

‘मी म्हनलं, शेठ, मला चालत नाय, सुतक हाय. तं म्हनतो, खा रं, हितं कोन बगतंय. मी म्हनलं, काकी मेली माजी. तं हसतो आन म्हनतो...’ कमळूने तोंडावरचं पाणी पुसलं. ‘म्हनतो, मेली ना, मग ती थोडीच बगतेय.’

अंगणातल्या पाहुण्यांनी कॅमेरे खाली घेतले.

‘तिनं चावून चावून घास घातलेत मला, वहिनी. ताट तिथंच ठेवलं आन निगालो. ज्या मानसाला येवडं पन कळत नाय, त्यानं उद्या हितं भिंत घातली, तं झऱ्यावर पानी भराया आमी कुनाच्या तोंडाकडं बगायचं?’

‘कोण बघतंय.’ आदल्या दुपारी अगदी हेच शब्द माझ्या जिभेवर आले होते. दहिवलीला माझ्या घरी भाजी शिजवते, डबे भरून आणते, कोण बघतंय, असं मी म्हणणार होते. त्याआधीच ठमाबायने माझ्या आजोबांचं विचारलं आणि मी गप्प बसले, एवढंच. तेवढ्यावर निभावलं, म्हणून मला जे हायसं वाटलं, ते आज लिहितानाही तसंच वाटतंय. मी ओसरीच्या काठावर बसले.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. निसर्गमंडळाचा प्रत्येक रविवार काही आमचा झाला नाही. मेघना अधूनमधून माणसं आणत राहिली, आणि भाजीच्या वेळी आधी फोन करून विचारायची, ‘तुमचं नवं झालं का?’ शेजारच्या दोन वाड्यांनी माळ भाड्याने दिले. तिथे आता उंच भिंती आहेत आणि बायका लांबून वळसा घालून पाण्याला जातात. त्यांना मी थांबवू शकले नाही, ती खंत मनात आहे. शेठही आणखी एकदोनदा येऊन गेला. पण वरच्या वाडीच्या माळाला आजही साधं कुंपणसुद्धा नाही.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. कमळूने बाहेरच्या हंड्यातल्या पाण्याने पाय धुतले आणि विचारलं, ‘भाकर उरलीय का?’ ठमाबायने शेजारच्या घरातून त्याचं ताट मागवलं. मग माझ्याकडे वळली.

‘आन तू गं? सकाळपास्नं नुस्ती लोकांची ताटं बगत उभी हायेस. जेव आता.’

मी कमळूच्या शेजारी बसले. वाल पार गार झाले होते. ठमाबाय समोर बसून वाढत राहिली आणि मी नको म्हटलंच नाही.